लोटा, गोंदण आणि एक रकाना : कंपनी सरकारचे तुरुंग व वेड्यांची इस्पितळे

१/ इंग्रजी अमदानीतील तुरुंग म्हटला की अंदमानचे सेल्युलर जेल डोळ्यांसमोर उभे राहते. त्याचे बांधकाम पूर्ण झाले १९०६ मध्ये. मात्र हिंदुस्थानातील इंग्रजी बंदिवासाची घडण त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी सुरू झाली होती. त्या आरंभकाळात कोठड्या कमी आणि प्रयोग फार होते. हा धागा त्या प्रयोगांचा आहे.

२/ आधी पूर्वपीठिका. पेशवाईत गुन्ह्याला दंड, मालमत्तेची जप्ती, अवयवच्छेद, देहदंड अशा शिक्षा होत्या. कैदही होती, पण ती बहुधा डोंगरी किल्ल्यांवर, आणि राजकीय कैद्यांच्या बाबतीत मर्जी फिरेपर्यंत. नाना फडणीसांसारखा मुत्सद्दीही दौलतराव शिंद्यांच्या हुकमाने नगरच्या किल्ल्यात अडकून पडला आणि राजकारण पालटताच बाहेर आला. ठरावीक गुन्ह्याला ठरावीक वर्षे, रोजचा ठरावीक शिधा, त्यासाठी खास बांधलेली इमारत, ही मांडणी तेव्हा रुळलेली नव्हती.

३/ खुद्द इंग्लंडमध्येही ती नवीच होती. अठराव्या शतकात तेथील तुरुंग म्हणजे खटला उभा राहीपर्यंत किंवा कर्ज फिटेपर्यंत माणूस ठेवण्याची जागा. जॉन हॉवर्ड याने १७७७ मध्ये इंग्लंडमधील तुरुंगांच्या दुरवस्थेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १७९१ मध्ये जेरेमी बेंथम याने अशा वर्तुळाकार तुरुंगाचा आराखडा छापला, की मधल्या मनोऱ्यातील एक पहारेकरी सगळ्यांवर नजर ठेवू शकेल. कंपनी सरकार राज्यकर्ते बनत होते ते नेमके याच काळात.

४/ बदल कसा झाला, याचे एक बोलके उदाहरण बंगालचे. तेथील फौजदारी न्याय इस्लामी कायद्यानुसार चाले आणि काही गुन्ह्यांना अवयवच्छेदाची शिक्षा होती. कॉर्नवॉलिसच्या १७९३ च्या नियमावलीने तिचा हिशेब वर्षांत मांडला : दोन अवयव तोडण्याच्या शिक्षेऐवजी चौदा वर्षे सक्तमजुरी, एका अवयवाऐवजी सात वर्षे. शरीराची किंमत काळात मोजली गेली. शिक्षा सौम्य झाली हे खरे. पण त्याबरोबरच राज्यकर्त्यांच्या हाती हजारो माणसांची वर्षे आली आणि ती माणसे ठेवायची कुठे, हा प्रश्नही आला.

५/ उत्तर सोपे निघाले : आहे त्या वास्तूत. जुने किल्ले, वाडे, कोठारे यांचे तुरुंग झाले. मुंबईत उमरखाडीला १८०४ मध्ये तुरुंग उभा राहिला. पुढे तो डोंगरीचा तुरुंग म्हणून प्रसिद्ध झाला. ठाण्याला पोर्तुगीजांनी पाया घातलेला किल्ला होता. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. त्याचा उपयोग बंदिखान्यासारखा होऊ लागला. आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह त्याच किल्ल्यात आहे.

६/ या किल्ल्यातील सर्वांत प्रसिद्ध कैदी म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना मागून घेतले आणि ठाण्याला ठेवले. फितुरी होऊ नये म्हणून पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा. आणि घात तिथेच झाला.

७/ प्रसिद्ध हकिकत अशी : एका इंग्रज अधिकाऱ्याच्या चाकरीत शिरलेला मराठा मोतद्दार घोड्याला खरारा करताना मराठीतून गाणे म्हणे. त्या गाण्यात सुटकेचा बेत सांगितलेला असे. गोऱ्या पहारेकऱ्यांना अक्षर कळत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये एका रात्री त्रिंबकजी निसटले. १८१८ मध्ये ते पुन्हा हाती लागल्यावर इंग्रजांनी त्यांना महाराष्ट्रात ठेवण्याचे धाडस केले नाही. गंगेकाठच्या चुनार किल्ल्यात त्यांची रवानगी झाली आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

८/ या प्रसंगातून आरंभीच्या तुरुंगाचे खरे रूप दिसते. भिंती जाड असल्या तरी तुरुंग गावापासून तुटलेला नव्हता. चाकर, वाणी, नातलग यांची ये-जा असे. कैदी दिवसभर बाहेरच असत, कारण सक्तमजुरी म्हणजे बहुधा रस्त्याचे काम. पायांत बेड्या घातलेल्या टोळ्या खडी फोडत, भराव घालत, तळी खोदत. वाटेत ओळखीचे लोक भेटत; तंबाखू, निरोप, कधी पैसे हातोहात पोहोचत.

९/ दुसरा मार्ग समुद्रापारचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीने कैदी सुमात्रातील बेंकुलेन आणि मलायातील पेनांग येथे पाठवण्यास सुरुवात केली. अंदमानची पहिली वसाहतही तेव्हाचीच. रोगराईमुळे ती १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली. पुढे १८१५ मध्ये मॉरिशस, १८२५ मध्ये सिंगापूर. सागर ओलांडला की जात गेली, ही समजूत उच्चवर्णीयांत पक्की होती, आणि सरकारचा हिशेबही तोच होता : फाशीपेक्षा काळ्या पाण्याचा धाक मोठा.

१०/ मॉरिशसला बंगाल आणि मुंबई या दोन्ही इलाख्यांतून कैदी गेले. तेथील रस्ते त्यांनी बांधले. १८३६ मध्ये जगप्रवासावर निघालेला चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला, तेव्हा रस्त्यावर काम करणाऱ्या या हिंदी कैद्यांकडे त्याचे लक्ष गेले. त्यांची रुबाबदार चेहरेपट्टी आणि शांत वागणूक यांची त्याने आपल्या प्रवासवृत्तात आवर्जून नोंद केली. ज्यांना सरकार निर्ढावलेले गुन्हेगार म्हणून नोंदवत होते, त्यांच्याविषयीची ही त्रयस्थाची साक्ष महत्त्वाची आहे.

११/ सिंगापूरची कहाणी आणखी वेगळी. तेथे पहारेकरी परवडत नव्हते, म्हणून कैद्यांतूनच मुकादम नेमले गेले. चांगली वर्तणूक ठेवणाऱ्याला वरचा दर्जा मिळे, मग बेडी निघे, मग इतरांवर देखरेख. हे कैदी गवंडी झाले, सुतार झाले, वीटकाम शिकले. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि गव्हर्नरचा राजवाडा ही हिंदी कैद्यांच्या श्रमातून उभी राहिलेली कामे. १८७३ मध्ये ही वसाहत बंद झाली, इमारती आजही उभ्या आहेत.

१२/ पळून गेलेला कैदी ओळखायचा कसा? छायाचित्र नव्हते, बोटांचे ठसे नव्हते. बंगालमध्ये यावर उपाय निघाला तो गोंदणाचा. १७९७ च्या नियमाने जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचे नाव, गुन्हा आणि शिक्षेचा तपशील गोंदण्याची तरतूद झाली. याला ‘गोदना’ म्हणत. हिंदुस्थानात गोंदण हा स्त्रियांचा दागिना, कुळाची खूण, मेल्यावरही सोबत जाणारे एकमेव धन. त्याच सुईने सरकारने माणसाच्या कपाळी त्याचा गुन्हा लिहिला.

१३/ गोदना झालेले कैदी पागोटे भुवयांपर्यंत ओढून बांधत किंवा केस कपाळावर आणत. शिक्षा संपली, माफी मिळाली, तरी अक्षरे पुसत नसत. सुधारणावाद्यांचा आक्षेप नेमका हाच होता : ज्याला पुन्हा समाजात मिसळायचे आहे, त्याला जन्मभर कलंकित का करायचे? १८४९ च्या कायद्याने ही प्रथा रद्द झाली. तोपर्यंत अर्धशतक उलटून गेले होते.

१४/ दरम्यान कलकत्त्यात विचारांचे वारे बदलत होते. दंडसंहितेच्या कामासाठी आलेल्या मेकॉलेने डिसेंबर १८३५ मध्ये एक टिपण सादर केले. त्याचा मुद्दा साधा होता : कायदा कितीही चांगला केला, तरी ज्या तुरुंगात शिक्षा भोगायची तोच सदोष असेल, तर कायद्याचा उपयोग काय? त्यावरून तुरुंग-शिस्त समिती नेमली गेली. १८३८ मध्ये तिचा अहवाल आला. हिंदुस्थानातील तुरुंगांचा असा सर्वांगीण विचार प्रथमच होत होता.

१५/ समितीला कैद्यांची दैना दिसली नाही असे नाही. पण तिचा मुख्य आक्षेप उलटा होता. तिच्या मते तुरुंगात कैद्याला फार मोकळीक होती. रस्त्यावरील काम म्हणजे मोकळी हवा आणि गप्पा. स्वतः रांधून जेवणे म्हणजे चैन. म्हणून शिफारशी अशा : वर्षाहून अधिक शिक्षा झालेल्यांसाठी मध्यवर्ती तुरुंग बांधावेत, काम भिंतींच्या आत आणि कंटाळवाणे असावे, कैदी एकमेकांपासून वेगळे ठेवावेत, देखरेखीसाठी खास अधिकारी नेमावा.

१६/ कैद्याला शिकवावे, सुधारावे, ही कल्पना तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत जोरात होती. समितीने ती हिंदुस्थानासाठी जवळजवळ बाजूला सारली. येथे तुरुंगाचे काम धाक बसवणे, एवढेच तिने मानले. आणि त्यालाही पैसा लागत होताच! स्वतंत्र कोठड्यांचा खर्च पाहून सरकारने हात आखडता घेतला. मोजक्याच शिफारशी अमलात आल्या. १८४६ मध्ये आग्र्याला मध्यवर्ती तुरुंग सुरू झाला. बहुतेक कैदी मात्र मोठ्या दालनांत दाटीवाटीनेच राहिले आणि पटकी-हगवणीने मरत राहिले.

१७/ स्वस्तात होण्याजोगी एक सुधारणा होती : स्वयंपाक. तोवर कैद्याला रोजचा भत्ता किंवा शिधा मिळे आणि तो आपल्या चुलीवर आपल्यापुरते शिजवी. १८४० च्या दशकात उत्तरेतील तुरुंगांत सामायिक भटारखाना सुरू करण्याचे हुकूम निघाले. एकाने रांधायचे आणि सर्वांनी एका पंक्तीत जेवायचे. कागदावर हा वेळेचा आणि शिस्तीचा प्रश्न होता. कैद्यांसाठी तो जातीचा, सोवळ्याचा आणि तुरुंगाबाहेर परतल्यावर बिरादरी आपल्याला घेईल की नाही याचा प्रश्न होता.

१८/ बिहारमधील तुरुंगांत यावरून दंगे झाले. भीती अशी पसरली, की सरकार सर्वांना एका ताटात जेवायला लावून बाटवणार आणि मग ख्रिस्ती करणार. सरकारने तडजोड केली : आचारी वरच्या जातीचे नेमावेत, गट जातीनुसार करावेत. म्हणजे जात मोडण्याचा आरोप झालेल्या सरकारने जातीची उतरंड तुरुंगाच्या नियमांत लिहून टाकली. ही तडजोड लक्षात ठेवण्याजोगी आहे; तिचा धागा फार लांबवर जातो.

१९/ मग आला लोटा. पितळी लोटा हा कैद्याचा पिण्याचा, आंघोळीचा आणि शौचाचा एकमेव सोबती. पण तो जड असतो आणि फेकला तर डोके फुटते, म्हणून अधिकाऱ्यांना तो शस्त्र वाटे. १८५५ मध्ये आरा आणि मुझफ्फरपूर येथील तुरुंगांत पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी देण्याचा हुकूम झाला. धातूचे भांडे घासले की शुद्ध होते. मातीचे भांडे एकदा विटाळले की फेकावेच लागते. कैदी बिथरले.

२०/ मुझफ्फरपूरला जे झाले ते विलक्षण होते. कैद्यांच्या बाजूने गाव उठले. शहरातील लोक आणि आसपासची रयत तुरुंगाभोवती जमली. त्यात अफूच्या आगाऊ रकमेसाठी गावात आलेले शेतकरीही होते. मॅजिस्ट्रेटने परिस्थिती ओळखली आणि लोटे परत दिले. चोर-दरोडेखोर म्हणून आत टाकलेल्या माणसांसाठी लोक का आले? कारण कैद्याच्या लोट्यावर आलेली वेळ उद्या आपल्यावर येईल, असे त्यांना वाटले. तुरुंगाची भिंत अजूनही समाजाला तोडू शकली नव्हती.

२१/ दोनच वर्षांनी मेरठला काय घडले हे सर्वज्ञात आहे. काडतुसे नाकारणाऱ्या तिसऱ्या घोडदळाच्या पंच्याऐंशी स्वारांना बेड्या ठोकून तुरुंगात टाकले गेले. १० मे १८५७ रोजी त्यांच्या साथीदारांनी त्यांना सोडवले आणि दिल्लीची वाट धरली. त्यानंतर उत्तरेत गावोगावचे तुरुंग फुटले, हजारो कैदी बाहेर पडले. काडतूस आणि लोटा या दोन्हींमागची भीती एकच होती, हे पाहिले म्हणजे ‘लोट्याचे दंगे’ क्षुल्लक वाटत नाहीत.

२२/ आता दुसरी वास्तू : वेड्यांचे इस्पितळ. तिचा आरंभ हिंदी लोकांसाठी झालाच नाही. कलकत्ता आणि मद्रास येथे अठराव्या शतकाच्या अखेरीस जी इस्पितळे निघाली, ती प्रामुख्याने कंपनीच्या गोऱ्या नोकर-शिपायांसाठी. मद्रासला १७९४ मध्ये व्हॅलेंटाइन कॉनली या शल्यवैद्याने सोळा रुग्णांसाठी असे घर उघडले. ते खाजगी होते आणि सरकार दरडोई पैसे मोजत असे. वेड हा तेव्हा चांगला धंदाही होता.

२३/ यामागे करुणेइतकीच प्रतिष्ठेची काळजी होती. भ्रमिष्ट होऊन बाजारात हिंडणारा गोरा माणूस राज्यकर्त्यांना परवडणारा नव्हता. जो राज्य करतो तो विवेकी, हा समज त्याच्या एका आरोळीने ढासळला असता. म्हणून अशांना नजरेआड केले जाई आणि जमल्यास बोटीत बसवून विलायतेला पाठवले जाई. १८१८ पासून कंपनीने लंडनजवळ हॅकनी येथील पेम्ब्रोक हाउसमध्ये त्यांची सोय केली होती.

२४/ मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले. तेथे युरोपीय आणि हिंदी रुग्ण एकाच आवारात, पण खोल्या, अंथरूण आणि आहार वर्णाप्रमाणे आणि दर्जाप्रमाणे वेगळा. वेडातही समाजाची पायरी सुटत नव्हती.

२५/ १८५८ मध्ये चित्र बदलले. राणीचे राज्य सुरू झाले त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला (१८५८ चा छत्तिसावा). बेवारस हिंडणारा आणि धोकादायक वाटणारा वेडा इसम पकडून मॅजिस्ट्रेटपुढे आणण्याचे काम या कायद्याने पोलिसांकडे सोपवले. वैद्यकीय दाखला मिळाला की रवानगी इस्पितळात. एका दंगलग्रस्त देशात, भटक्या माणसांविषयी सरकार धास्तावलेले असताना हा कायदा आला, हे विसरता येत नाही.

२६/ मग आत गेले कोण? घरात सांभाळले जाणारे मनोरुग्ण सहसा गेले नाहीत. कुटुंबे त्यांना वैद्य, देवस्थान, दर्गा यांच्याकडे नेत होती. ज्यांना घर नव्हते असे भिकारी, बैरागी, फकीर, दुष्काळात गाव सुटलेले लोक पोलिसांच्या हाती लागत. इस्पितळात त्यांना बागकाम, विणकाम, दळण अशी कामे देत. काम हा उपचार मानला जाई आणि त्यातून खर्चही भागे. तुरुंगातील सक्तमजुरी आणि इस्पितळातील उपचार बाहेरून पाहणाऱ्याला सारखेच दिसत.

२७/ येथे येतो तो रकाना. रुग्णाबरोबर पोलिसांचा एक तक्ता येई : नाव, जात, वय आणि वेडाचे कारण. अनोळखी, असंबद्ध बोलणाऱ्या माणसाच्या वेडाचे कारण शिपायाला कसे कळणार? पण रकाना रिकामा ठेवता येत नसे. बैरागी-फकिरांत गांजा-भांग सर्रास चाले, म्हणून पुष्कळदा ‘गांजा’ असे लिहिले जाई. इस्पितळाचा डॉक्टर तेच नोंदवहीत उतरवी. वर्षाखेर त्याची बेरीज होई आणि ती सरकारी आकडेवारी बने.

२८/ ही आकडेवारी पार लंडनपर्यंत पोहोचली. १८९३ मध्ये गांजाच्या दुष्परिणामांविषयी ब्रिटिश संसदेत प्रश्न उठला आणि भांग-गांजा आयोग नेमला गेला. त्याने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि एक शहाणपणाची गोष्ट केली : १८९२ साली गांजामुळे वेड लागले म्हणून दाखल झालेल्या एकेका रुग्णाची मुळापासून चौकशी केली. निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. इस्पितळांच्या आकड्यांवर विसंबता येत नाही, असा निर्वाळा आयोगानेच दिला.

२९/ हा प्रसंग इतिहासाच्या अभ्यासकाला फार शिकवतो. अहवालातील तक्ता निर्विकार दिसतो. पण त्याच्या तळाशी एक घाईत असलेला शिपाई, एक छापील रकाना आणि बोलू न शकणारा माणूस असतो. दशकानुदशके असे आकडे सरकारी अहवालांत छापले गेले आणि त्यांवर धोरणे सुचवली गेली. ती नोंद चुकीची आहे, हे सांगण्याची संधी त्या माणसाला मात्र कधीच मिळाली नाही.

३०/ मूळ अडचण हीच आहे. आरंभीच्या कैद्यांनी आणि वेड्यांनी स्वतः लिहिलेले जवळजवळ काही उरलेले नाही. सुशिक्षित माणूस आत गेल्यावर चित्र पालटले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. उमरखाडीचा तुरुंग उभा राहून तेव्हा जवळपास ऐंशी वर्षे झाली होती. त्या ऐंशी वर्षांतील कैद्यांचा आवाज आपल्याला फक्त दंग्यांच्या अहवालांतून ऐकू येतो.

३१/ या इतिहासाचे वर्तमानाशी नाते काय? १८९४ चा तुरुंग कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ आपल्या तुरुंगव्यवस्थेचा पाया राहिला. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत स्वयंपाक कोणत्या जातीने करावा आणि झाडलोट कोणत्या, अशा तरतुदी टिकून होत्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी जातनिहाय कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. भटारखान्याच्या दंग्यांनंतर जातीला तुरुंगाच्या नियमांत जी जागा मिळाली, ती पुसायला पावणेदोनशे वर्षे लागली.

३२/ मनोरुग्णांच्या बाबतीतही तसेच. १८५८ नंतर १९१२ चा कायदा आला, मग १९८७ चा. प्रत्येकात ‘दाखल करून घेणे’ हाच मध्यवर्ती विषय होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रथमच रुग्णाचे हक्क केंद्रस्थानी आणले : उपचारांविषयी त्याचे म्हणणे, त्याची प्रतिष्ठा, त्याची संमती. कारणाचा रकाना भरणाऱ्यापेक्षा ज्याच्याविषयी तो भरला जातो, त्याला बोलू देणे, हा मोठाच पालट आहे. तो कागदावरून प्रत्यक्षात किती उतरतो, हे अजून ठरायचे आहे.

३३/ या साऱ्याची एक खूण मराठी बोलीत टिकून आहे. पुण्याजवळ येरवड्याला १८७१ मध्ये मोठा तुरुंग झाला आणि पुढे त्याच परिसरात मनोरुग्णालयही आले. म्हणून ‘याला येरवड्याला पाठवा’ असे कोणी म्हणते तेव्हा तुरुंग अभिप्रेत आहे की वेड्यांचे इस्पितळ, हे संदर्भावरूनच ओळखावे लागते. कंपनीच्या काळात या दोन वास्तूंत बाहेरून पाहणाऱ्याला जसा फरक दिसत नव्हता, तसाच तो आपल्या भाषेतही फारसा उरलेला नाही.